जुने लष्करी ट्रक : पहिली गाडी घेताना आणि घेतल्यानंतर

जबलपूरला बनलेली शक्तिमान, निसानची वनटन किंवा दुसऱ्या महायुद्धानंतर इथेच राहून गेलेली एखादी शेवरलेट वा डॉज आपल्या दारात असावी आणि ती स्वतःच्या इंजिनाच्या बळावर फाटकाबाहेर पडावी, अशी इच्छा असणाऱ्या, पण अशा गाडीला अजून हात न लावलेल्या वाचकासाठी हा लेख आहे. जीप जपणारे पुष्कळ भेटतात, ट्रक जपणारे फार थोडे. ट्रकला जागा जास्त लागते, तो विकत घेतल्यावर घरातल्यांना त्याचे कारण समजावून सांगणे अवघड जाते आणि काही टन लोखंडाला भंगारात नेहमीच भाव मिळतो. या तिन्ही कारणांनी हे ट्रक झपाट्याने कापले जात आहेत.

हे ट्रक एखाद्या जवानाला रस्त्याच्या कडेला, जवळ असलेल्या पान्यांनी दुरुस्त करता यावेत, अशा हिशेबाने घडवलेले आहेत. त्यांच्यामागे रोजची, आठवड्याची आणि महिन्याची कामे ठरलेली असत आणि ती वहीत नोंदवली जात. गाडी पलटणीतून बाहेर पडली की ती शिस्त तुटते आणि गाडी बसायला लागते. म्हणून नव्या माणसाने रंगरंगोटीच्या आधी ती शिस्त पुन्हा सुरू करावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

कोणती गाडी घ्यावी

सुरुवात जागेपासून करावी. गाडी छपराखाली उभी राहील का, तिच्या चारही बाजूंनी माणसाला वावरता येईल का, जमीन जॅक लावण्याइतकी कडक आहे का आणि पावसाळ्यात तिथे पाणी साचते का, या प्रश्नांची उत्तरे मिळाल्याखेरीज गाडी शोधायला निघू नये. सोसायटीच्या वाहनतळात शक्तिमान ठेवता येत नाही. गावाकडे पत्र्याची शेड असेल, तर निम्मे काम झाले.

शक्तिमान हा मूळचा जर्मनीच्या मान कंपनीचा ट्रक आहे. त्या कंपनीशी झालेल्या करारानंतर १९५९ पासून जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीत तो बनू लागला, पुढे तिथल्याच व्हेइकल फॅक्टरीत गेला आणि १९९६ पर्यंत बनत राहिला. सहा सिलिंडरांचे डिझेल इंजिन, चारही चाकांना जोर देण्याची सोय आणि भक्कम चासी यांमुळे तो अतिशय टिकाऊ आहे. पण त्याची प्रत्येक वस्तू जड असते. एक चाक उतरवायलाही दोन माणसे लागतात. निसानची वनटन त्याहून लहान आणि पेट्रोलवर चालणारी आहे. तिचे सुमारे चार लिटरचे सहा सिलिंडरांचे इंजिन आणि जोंगा या निसानच्याच लष्करी जीपसारख्या गाडीचे इंजिन एकाच घराण्यातले असल्यामुळे, जोंगाचे शौकीन देशभर असण्याचा फायदा वनटनवाल्यालाही मिळतो. पेट्रोल मात्र ती भरपूर पिते, हे गृहीतच धरावे.

महायुद्धातल्या गाड्यांचे जग वेगळे आहे. अमेरिकेची सहा चाकांना जोर देणारी अडीच टनी जीएमसी, पाऊण टनाची डॉज आणि कॅनडात ब्रिटिश नमुन्यावर बनलेले फोर्ड व शेवरलेट ट्रक युद्ध संपल्यावर भारतात मोठ्या प्रमाणावर लिलावात निघाले. पुढे कित्येक वर्षे ते मालवाहतुकीला आणि घाटांतल्या प्रवासी गाड्यांना उपयोगी पडले. याच कॅनडाच्या फोर्ड चासीवर भारतात चिलखती गाड्याही बांधल्या गेल्या. अशी रणवाहने जवळून पाहायची असतील, तर अहिल्यानगरचे रणगाडा संग्रहालय आपल्या राज्यातच आहे. तिथे दिवसभर हिंडून नुसते सांधे, रिव्हेट आणि चाकांची बांधणी पाहिली, तरी पुष्कळ शिकायला मिळते.

पहिली गाडी म्हणून मी वनटन सुचवीन. तिचे काम एकट्या माणसाच्या आवाक्यात राहते. शक्तिमान दुसरी घ्यावी. महायुद्धातली गाडी मिळत असली, तरी आपले हात थोडे तयार होईपर्यंत थांबावे, कारण तिथे एका चुकीने मोडलेला भाग पुन्हा मिळायला वर्षे लागू शकतात.

पाहणी करताना

पहिला नियम असा की गाडी पुरी असावी. गंजलेली पण सगळे भाग जागेवर असलेली गाडी ही चकाचक रंगवलेल्या पण अर्ध्या भागांवाचून उभ्या असलेल्या गाडीपेक्षा केव्हाही चांगली. पत्रा नवा वळवता येतो, बुश लेथवर करून मिळतो. पण ट्रान्स्फर केसचे (गिअरबॉक्समधून आलेला जोर पुढच्या आणि मागच्या चाकांना वाटणाऱ्या पेटीचे) आवरण, डॅशबोर्डवरची वेग, दाब वगैरे दाखवणारी मूळ घड्याळे, कार्ब्युरेटर किंवा डिझेल पंप, कॅनव्हासच्या हूडच्या लोखंडी कमानी आणि मूळ माहितीपट्टी या गोष्टी हरवल्या की त्या शोधण्यातच उमेद संपते.

चासीखाली आडवे झाल्याशिवाय पाहणी झाली असे म्हणू नये. आडव्या पट्ट्या जिथे उभ्या चासीला रिव्हेटने जोडलेल्या असतात तिथे, कमानपाट्यांच्या आधारांपाशी आणि स्टिअरिंग बॉक्सच्या बोल्टांभोवती भेगा व वेल्डिंगच्या खुणा शोधाव्यात. रंगाचे थर जाड असतील, तर लहान हातोडीने हळू ठोकत जावे. चांगले लोखंड खणखणते, कुजलेले बद्द वाजते. ऑइलची दांडी काढून त्यावर दुधाळ फेस आहे का, रेडिएटरमध्ये तेलाची तवंग आहे का आणि गिअरबॉक्सच्या ऑइलमध्ये पितळेची चमक दिसते का, हे पाहावे. इंजिन बंद असेल, तर ते निदान हाताने फिरते का याची खात्री करावी. न फिरणारे इंजिन घेऊ नये असे नाही, पण मग किंमत त्या हिशेबाने ठरली पाहिजे.

चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक स्वतः घासून, खडूने उजळून वाचावेत आणि त्यांचे फोटो काढावेत. जुन्या गाड्यांच्या बाजारात चार गाड्यांचे भाग एकत्र करून उभी केलेली गाडी सर्रास दिसते. दिल्लीचे मायापुरी असो किंवा जीप बांधून देण्यासाठी प्रसिद्ध असलेले मंडी डबवाली असो, तिथल्या कारागिरांचे कसब मोठे आहे आणि त्यांच्यामुळे पुष्कळ गाड्या जिवंतही राहिल्या आहेत. मात्र संग्रहासाठी घेताना कोणता भाग मूळचा आणि कोणता दुसरीकडून आलेला, हे खरेदीपूर्वी कळायला हवे. माझ्या पहिल्या वनटनची चासी पट्टीवरच्या क्रमांकाशी जुळत नव्हती, आणि हे मला पैसे मोजल्यानंतर तीन आठवड्यांनी, गंज खरवडताना कळले. त्या एका आळसापायी नोंदणीचे काम दीड वर्ष रखडले.

कागदपत्रे

हा टप्पा कंटाळवाणा असला, तरी सर्वांत जास्त गाड्या इथेच अडकतात. लष्कराने विकलेल्या वाहनाची नागरी नोंदणी करताना, ते विकणाऱ्या अधिकृत कार्यालयाने दिलेले नमुना २१ मधील मूळ विक्री प्रमाणपत्र लागते. लष्करी वाहनांचे लिलाव आता प्रामुख्याने एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-लिलावातून होतात. प्रत्येक लॉटच्या अटी शब्दन्‌शब्द वाचाव्यात. भंगार म्हणून विकलेल्या लॉटमधली गाडी कितीही चांगली दिसली, तरी ती पुन्हा रस्त्यावर आणता येईल असे समजू नये. नव्या माणसाने आधीच नागरी नोंदणी झालेली आणि मालकाच्या नावावर नोंदणीपुस्तक असलेली गाडी घ्यावी, यातच शहाणपण आहे.

पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी जुलै २०२१ मध्ये केंद्राने वेगळे नियम केले. त्यानुसार विंटेज वाहनाला ‘व्हीए’ ही अक्षरे असलेला क्रमांक मिळतो, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि फेरनोंदणीचे ५,००० रुपये आहे, नोंदणी १० वर्षे टिकते आणि गाडी प्रदर्शन, संशोधन, विंटेज रॅली तसेच इंधन व दुरुस्ती एवढ्याच कारणांसाठी रस्त्यावर आणता येते. पण एक बाब अनेकांच्या नजरेतून सुटते. हे नियम दुचाकी आणि प्रवासी गटातील चारचाकी वाहनांसाठी आहेत, मालवाहू गटासाठी नाहीत. जीप किंवा जोंगा त्यात बसू शकते, शक्तिमानसारखा ट्रक बसत नाही. ट्रकला नेहमीची नोंदणी, योग्यता प्रमाणपत्र, विमा आणि प्रदूषण तपासणी यांतूनच जावे लागते. आपली गाडी कोणत्या गटात धरली जाईल आणि तिचे वय कोणत्या तारखेपासून मोजले जाईल, हे परिवहन कार्यालयाला लेखी विचारावे आणि उत्तरही लेखी घ्यावे.

चालकपरवान्याचाही विचार आत्ताच करावा. भारासह एकूण वजन ७,५०० किलोंहून अधिक असलेल्या वाहनाला हलक्या वाहनाचा परवाना पुरत नाही.

आणि एक नियम असा आहे की तो कळल्यावर पुष्कळांचे डोळे उघडतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२१ व्या नियमानुसार संरक्षण खात्याखेरीज कुणाच्याही वाहनाला ऑलिव्ह ग्रीन म्हणजे लष्करी हिरवा रंग देता येत नाही. वर टोक असलेला बाण असलेली लष्करी पाटीही रस्त्यावर लावता येत नाही. मग रंग कोणता द्यायचा, याचे उत्तर पुढे येईलच.

पहिल्यांदा इंजिन सुरू करण्यापूर्वी

गाडी घरी आली की बॅटरी लावून सेल्फ मारण्याचा मोह होतो. तो मोह आवरावा. वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या इंजिनात सिलिंडरच्या भिंती कोरड्या पडलेल्या असतात, रिंगा चिकटलेल्या असतात आणि ऑइलच्या नळ्या रिकाम्या असतात. अशा इंजिनाला दिलेला एक जोराचा झटका रिंग मोडायला पुरेसा असतो.

पेट्रोल इंजिनाचे सगळे प्लग काढावेत, प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन-तीन चमचे पातळ ऑइल सोडावे आणि दोन-तीन दिवस तसेच मुरू द्यावे. त्यानंतर प्लग न लावताच हँडलने इंजिन सावकाश फिरवावे. हँडल धरताना अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवावा, मुठीभोवती वळवू नये, कारण इंजिनाने उलटा झटका दिला तर अंगठा मोडतो. जुने चालक नवशिक्याला हीच गोष्ट सर्वांत आधी शिकवत असत. इंजिन मोकळे फिरू लागले की जुने ऑइल काढावे आणि शक्य असेल तर ऑइलची परात खाली उतरवून तळाचा गाळ पुसून काढावा. हे काम टाळू नये. अनेक वर्षांचा गाळ तळाशी बसलेला असताना आधुनिक, गाळ सोडवणारे ऑइल भरले, तर तोच गाळ सुटून ऑइल पंपाच्या जाळीवर बसतो आणि चांगले चाललेले इंजिन शंभर किलोमीटरमध्ये बेअरिंग गमावते.

टाकीतले जुने पेट्रोल वापरू नये. टाकी स्वच्छ होईपर्यंत स्वतंत्र डब्यातून, गाळणी लावून पेट्रोल द्यावे. डेल्कोचे, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचे, पॉइंट बारीक पॉलिश कागदाने साफ करावेत आणि कंडेन्सर नवा बसवावा, कारण जुना कंडेन्सर गरम झाल्यावर दगा देतो. प्लग न लावता सेल्फने इंजिन फिरवून ऑइलचा दाब घड्याळात दिसला, की मगच प्लग लावून सुरुवात करावी. इंजिन गरम झाल्यावर प्रत्येक सिलिंडरचा कॉम्प्रेशन मोजावा. सगळे आकडे थोडे कमी असले तरी चालते, पण एखादा आकडा इतरांपेक्षा खूपच खाली असेल, तर त्या सिलिंडरच्या व्हॉल्व्हकडे पाहावे.

डिझेल इंजिनात पंप-नोझलचे काम जाणत्या दुकानातूनच करून घ्यावे. फिल्टर बदलल्यावर आणि नळ्या उघडल्यावर एअर नीट काढावी. पहिल्या वेळी एका माणसाला हवा आत जाण्याच्या तोंडाशी जाड फळी घेऊन उभे करावे. पंपाचा रॅक (डिझेलचे प्रमाण ठरवणारी दांडी) अडकला, तर डिझेल इंजिन आपल्या आपण वेग घेत सुटते आणि त्या क्षणी हवा कोंडणे हाच खात्रीचा उपाय असतो. फळीच हवी, हात किंवा फडके तोंडावर धरू नये.

चाके : इथे घाई चालत नाही

या लेखातला एकच भाग लक्षात राहणार असेल, तर तो हा राहावा. जुन्या लष्करी गाड्यांची बरीचशी चाके एकसंध नसतात. काही दोन अर्ध्या थाळ्या बोल्टांनी जोडून केलेली असतात, तर मोठ्या ट्रकांच्या चाकांवर टायर अडवणारी लोखंडी लॉक रिंग असते. दोन भागांच्या चाकावर नटांची दोन वर्तुळे असतात. एक वर्तुळ चाकाला गाडीशी बांधते, दुसरे चाकाच्या दोन भागांना एकमेकांशी. हवा भरलेली असताना हे दुसरे वर्तुळ सोडले, तर थाळी तोफेच्या गोळ्यासारखी उडते. यात माणसे मेली आहेत. ब्रिटिश पद्धतीच्या चाकांवर म्हणूनच हे नट लाल रंगवलेले असत. आपल्या गाडीवरचा लाल रंग केव्हाच उडालेला असेल, तर तो आजच पुन्हा द्यावा.

चाक गाडीवरून उतरवण्यापूर्वी व्हॉल्व्हची पिन काढून सगळी हवा सोडावी आणि भोकात तार घालून ते मातीने बुजलेले नाही ना, हे तपासावे. लॉक रिंग गंजून पातळ झाली असेल, वाकली असेल किंवा तिची टोके नीट जुळत नसतील, तर ती वेल्डिंग करून वापरू नये, फेकून द्यावी. हवा भरताना चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवावे, पिंजरा नसेल तर जाड साखळ्यांनी बांधावे, लांब नळी वापरावी आणि रिंगच्या समोर उभे राहू नये. रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्याला अशा चाकांची सवय असेलच असे नाही. त्याच्यावर सोपवून चहा प्यायला जाऊ नये.

अमेरिकन गाड्यांवर डाव्या बाजूच्या चाकांच्या नटांचे आटे उलटे असतात. हे माहीत नसलेला मिस्त्री पान्यावर पाइप चढवून जोर लावतो आणि स्टड तोडतो. टायरचे वय त्याच्या कडेवरील चार आकड्यांवरून कळते, पहिले दोन आठवडा सांगतात आणि पुढचे दोन वर्ष. नक्षी शाबूत असली, तरी बाजूला भेगा पडलेल्या टायरवर हमरस्त्यावर जाऊ नये.

ब्रेक

जुन्या गाड्यांत ब्रेकची एकच ओळ असते. एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक जातात. म्हणून गाडी पहिल्यांदा हलवण्यापूर्वीच सगळ्या रबरी नळ्या, चाकांमधल्या सिलिंडरांचे रबर आणि मास्टर सिलिंडर बदलावेत किंवा दुरुस्त करावेत. खड्डे पडलेल्या सिलिंडरात लेथवर पितळेची किंवा स्टेनलेस स्टीलची स्लीव्ह बसवून मिळते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते, त्यामुळे ते दर दोन वर्षांनी बदलावे. जुन्या ब्रेक व क्लचच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असते. ड्रम उघडल्यावर आतली धूळ हवेच्या नळीने उडवण्याची आपल्याकडच्या गॅरेजांतली पद्धत फुप्फुसांना घातक आहे. ओल्या फडक्याने पुसावे आणि फडके पिशवीत बांधून टाकावे. याच काळजीत आणखी एक भर घालतो. महायुद्धकाळातील काही घड्याळांच्या काट्यांवर अंधारात चमकणारा रेडियमचा रंग असे. चमक केव्हाच गेलेली असते, पण किरणोत्सार राहतो. अशी घड्याळे उघडू किंवा खरवडू नयेत.

गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर कधीही विसंबू नये. चासीखाली भक्कम घोडे (लोखंडी तिवया) किंवा सागवानी ठोकळे हवेत आणि उरलेल्या चाकांना पाचरी हव्यात. विटा आणि सिमेंटचे ठोकळे अचानक फुटतात.

इंधन, ऑइल आणि पाणी

पंपावर आता सर्रास २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. जुन्या गाड्यांचे रबर, कॉर्क आणि कार्ब्युरेटरचा धातू यांसाठी ते बनलेले नाही. इंधनपंपाचा पडदा मऊ पडतो, नळ्या फुगतात, ओलावा ओढून घेतल्यामुळे टाकी आतून गंजते. सगळ्या रबरी नळ्या आणि पडदे इथेनॉल सोसणाऱ्या साहित्याचे, उदाहरणार्थ विटॉनचे, बसवावेत. गाडी महिनाभराहून अधिक उभी राहणार असेल, तर कार्ब्युरेटर रिकामा करावा. उन्हाळ्यात घाट चढताना नळीत पेट्रोलची वाफ होऊन इंजिन बंद पडण्याचा त्रासही या पेट्रोलने वाढतो. नळी इंजिनाच्या तापलेल्या मॅनिफोल्डपासून दूर न्यावी आणि सोबत ओले फडके ठेवावे.

गिअरबॉक्सच्या ऑइलच्या डब्यावर नुसते ‘९० नंबर’ पाहून घेऊ नये. जीएल-५ वर्गातील काही ऑइलांची रसायने पितळी व काशाच्या भागांना खातात, म्हणून पितळी रिंगा किंवा बुश असलेल्या गिअरबॉक्सला जीएल-४ द्यावे. डिफरन्शियलमध्ये काय घालायचे, ते त्या गाडीच्या पुस्तिकेत पाहावे. अमेरिकी सैन्याच्या तांत्रिक पुस्तिका, जीपसाठी टीएम ९-८०३ आणि जीएमसीसाठी टीएम ९-८०१, आजही सहज मिळतात आणि त्यांतला ग्रीसचा तक्ता छापून शेडच्या भिंतीवर लावण्याजोगा असतो. तो तक्ता पाहिला की गाडीत ग्रीसची किती निपल आहेत, हे पाहून नवखा माणूस थक्क होतो. ती सगळी शोधून प्रत्येकाभोवती पांढऱ्या रंगाचे लहान वर्तुळ काढावे, म्हणजे एकही चुकत नाही. जुने ग्रीस बाहेर येईपर्यंत ग्रीसगन मारावी. पाण्यातून गाडी गेली असेल, तर त्याच संध्याकाळी मारावी.

आपल्याकडे गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकण्याची जुनी सवय आहे. माझे मत तिच्या विरुद्ध आहे. थर्मोस्टॅट नसलेले इंजिन नीट तापत नाही, ऑइलमध्ये ओलावा राहतो आणि सिलिंडर लवकर झिजतात. गाडी तापत असेल, तर रेडिएटरचा कोअर आणि इंजिनाच्या आतले पाण्याचे मार्ग साफ करून घ्यावेत आणि बोअरच्या पाण्याऐवजी गंजरोधक कूलंट घालावे.

रंग आणि खुणा

जुना रंग एकदम मशिनने उडवू नका. दरवाजा, बंपर आणि मागचा फळका यांवर पाण्याचा पॉलिश कागद हळूहळू फिरवला, की एकाखाली एक रंग उघडे पडतात आणि त्यांत कधी पलटणीची खूण, कधी जुना क्रमांक सापडतो. लष्करी क्रमांकातील सुरुवातीचे दोन आकडे ती गाडी सेवेत आल्याचे वर्ष सांगतात. असे काही सापडले की मोजपट्टी ठेवून फोटो काढावेत, ट्रेसिंग कागदावर उतरवून घ्यावे आणि मगच पुढे जावे. माझ्या मते गाडीचा खरा इतिहास या थरांत असतो, आणि एका दुपारी तो कायमचा पुसला जाऊ शकतो.

लष्करी हिरवा रंग देता येत नसला, तरी इतिहासाशी प्रामाणिक असे पर्याय आहेत. उत्तर आफ्रिकेत लढलेल्या भारतीय डिव्हिजनांच्या गाड्या वाळूच्या रंगाच्या असत. हवाई दलाच्या गाड्या निळसर करड्या असत, आणि संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत गेलेल्या गाड्या पांढऱ्या. आपली गाडी ज्या प्रकारची आहे, त्याला साजेसा रंग निवडावा, नोंदणीपुस्तकात तो नोंदवून घ्यावा आणि चकाकणारा ऑटो पेंट न वापरता मॅट रंग द्यावा. कुठे बंदुकीचे भाग, काडतुसे किंवा तत्सम काही सापडले, तर ते जवळ न ठेवता पोलिसांना कळवावे.

सुटे भाग आणि जाणती माणसे

पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा कुर्ला, दिल्लीचे कश्मीरी गेट, चेन्नईचे पुदुपेट आणि कोलकात्याचा मल्लिकबाजार या ठिकाणी चिकाटीने फिरले, तर बरेच काही मिळते. जुना भाग सोबत नेल्याशिवाय जाऊ नये, वर्णनावरून आणलेला भाग हमखास चुकतो. बेअरिंग आणि ऑइल सील यांच्यावर क्रमांक कोरलेले असतात किंवा मापावरून ती जुळवता येतात, त्यामुळे गाडीच्या नावाने शोधण्यापेक्षा मापाने शोधावे.

भागांहूनही मोलाची आहेत ती माणसे. ईएमई या लष्कराच्या दुरुस्ती दलाची स्थापना १५ ऑक्टोबर १९४३ ची, आणि ‘कर्म ही धर्म’ हे त्याचे ब्रीद. सातारा, कोल्हापूर, सांगली, अहिल्यानगर या भागांत या दलातून किंवा चालक म्हणून निवृत्त झालेले अनेकजण आपल्या गावी शेती पाहत असतात. शक्तिमानचे इंजिन त्यांनी शेकडो वेळा उघडलेले असते. अशा हवालदार साहेबांना सन्मानाने घरी बोलवावे, गाडी दाखवावी आणि ते बोलत असताना वही उघडी ठेवावी. क्लचची मोकळीक किती ठेवायची, कोणता बोल्ट आधी कसायचा, कोणता आवाज दुर्लक्ष करण्याजोगा आणि कोणता ऐकताच गाडी थांबवण्याजोगा, हे ज्ञान पुस्तिकेत सापडत नाही, आणि ते जाणणारी पिढी आता सत्तरीपुढे गेली आहे. मी तर म्हणेन की गाडी मिळण्यापूर्वीच असा माणूस शोधावा.

पावसाळा आणि उभी गाडी

कोकणात तर चार महिने, आणि घाटमाथ्यावरही जवळजवळ तेवढेच, हवा गाडीला खात असते. प्लास्टिकच्या कापडात गाडी गुंडाळून ठेवणे सर्वांत वाईट, कारण आत घाम धरतो. छप्पर पक्के असावे आणि बाजू वाऱ्याला मोकळ्या असाव्यात. पावसाळ्यापूर्वी चासीच्या पोकळ्यांत गंजरोधक मेण किंवा पातळ केलेले ग्रीस फवारावे, पत्र्याची पाणी जाण्याची भोके तारेने मोकळी करावीत आणि कॅनव्हासचा हूड पूर्ण वाळवून, घडी न घालता लाकडी काठीवर गुंडाळून ठेवावा. क्लच चिकटू नये म्हणून पेडल दाबून फळीने अडवून ठेवण्याची जुनी रीत अजूनही उपयोगी आहे. सायलेन्सर आणि एअर क्लीनरची तोंडे जाळीने बंद करावीत, नाहीतर उंदीर घर करतात. जाळी लावल्याची चिठ्ठी स्टिअरिंगवर बांधावी.

उभ्या गाडीचे इंजिन आठवड्यातून पाच मिनिटे चालवून बंद करणे हे न चालवण्याहून वाईट असते. तेवढ्यात ते तापत नाही, पण पोटात पाणी मात्र धरते. महिन्यातून एकदा पुरी तापेपर्यंत, जमल्यास दहा-पंधरा किलोमीटर गाडी चालवून आणावी. एरवी बॅटरीची तार काढून ठेवावी.

रस्त्यावर

जुन्या गिअरबॉक्समध्ये दुहेरी क्लच दाबून गिअर टाकावा लागतो. आधी न्यूट्रल, मग खालच्या गिअरसाठी थोडी रेस, मग गिअर. मोकळ्या मैदानात ते हाताला बसेपर्यंत शहरात जाऊ नये. पुढच्या चाकांचा जोर कोरड्या डांबरी रस्त्यावर लावू नये. वळणावर पुढची आणि मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात, तो ताण सुटायला जागा मिळत नाही आणि ट्रान्स्फर केस किंवा शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस तुटतो. चिखल, वाळू, ओला चढ यांसाठीच तो ठेवावा.

घाट ज्या गिअरमध्ये चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरावा. ड्रम ब्रेक सतत दाबून ठेवले की तापून निकामी होतात, आणि कशेडीसारख्या लांब उतारावर ते कळते तेव्हा उशीर झालेला असतो. निघण्यापूर्वी दर वेळी ऑइल, पाणी, ब्रेक ऑइल, चाकांचे नट, स्टिअरिंगचे सांधे आणि गाडीखाली नवे ठिपके यांची पाहणी करावी व वहीत तारखेसह नोंद करावी. दर तासाभराने थांबून हाताने प्रत्येक चाकाचा मधला भाग चाचपावा. एक चाक इतरांपेक्षा गरम लागले, तर त्याचे बेअरिंग किंवा ब्रेक अडकत आहे. अग्निशामक नळकांडे चालकाच्या हाताशी असावे, मागे सामानाखाली नसावे. आणि उतारावर उभे करताना केवळ हँडब्रेकवर विश्वास न ठेवता गाडी गिअरमध्ये घालावी, खाली उतरून चाकाला पाचर लावावी, आणि निघताना ती पाचर उचलून परत जागेवर ठेवायला विसरू नये.